डाव्या खिळ्यावरची पट्टी

सरळ सांगते. मी त्या मुलीवर जळत होते. आमच्या देवासच्या घराच्या फाटकात उभी राहून ती "काका आहेत का?" म्हणाली, त्या शनिवारपासून. मी पत्रकं वाटते. बस स्टँडवर बायकांसाठी धड संडास हवा म्हणून आम्ही आठ-दहा जणी दोन वर्षं ओरडतो आहोत. परक्या दारात कसं उभं राहावं लागतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ती तशी उभी नव्हती. आपल्याला हवं ते इथे मिळणारच आहे, अशी उभी होती.

ती धारची, साधारण माझ्याच वयाची. तिच्या आजोबांनी तरुणपणी एक विलायती गाडी घेतली होती. दोनच सीटची, उघडी, बुटकी, शर्यतीच्या घाटाची. आजोबा गेले आणि मृत्युपत्रात गाडी नातीच्या नावे निघाली. मुलांना नाही, नातवांना नाही, नातीला. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मी त्यावर पत्रक काढलं असतं. इंजिन तिने इंदूरच्या मिस्त्रीकडून चालू करून घेतलं होतं. राहिला होता डॅशबोर्ड. मूळचा लाकडाचा, वर अक्रोडाच्या लाकडाचा कागदासारखा पातळ थर चढवलेला, ज्याला विनीर म्हणतात. तो वाळवीने खाल्ला, आणि मधल्या काळात कुणीतरी तिथे पत्रा ठोकून त्यावर काळं रेक्झिन चिकटवलं. मीटर तिरके, घड्याळाच्या जागी नुसतं भोक. तिला तो पुन्हा लाकडाचा करायचा होता आणि कुणीतरी तिला नानांचा पत्ता दिला होता.

नाना म्हणजे माझे वडील. एका ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी लाकडी साचे करण्यात घालवली. पंपाचं धड असो की दात्यांचं चाक, ते आधी लाकडात करावं लागतं. त्याचा ठसा वाळूत घेतात आणि ठशात पातळ लोखंड ओततात. लोखंड ट्रकमधून देशभर जातं, लाकूड कारखान्याच्या माळ्यावर धूळ खातं. नानांची सगळी कारागिरी त्या माळ्यावर पडून आहे आणि त्यावर कुणाचं नाव नाही. याची चीड मला येते, त्यांना येत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीत टेबल टाकलं आणि लोकांची देवघरं करून द्यायला लागले.

मला काय हवं होतं तेही सांगून टाकते. मला त्या टेबलाशी बोलावलं जायला हवं होतं. आठ वर्षांची असताना मी एकदा पटाशी उचलली. नानांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाले, "ही मुलींची कामं नाहीत. बोट जाईल." तेव्हापासून मी पडवीच्या उंबऱ्यावर बसून बघत आले. बघायला मनाई नव्हती.

उंबऱ्यावरून मला सगळं पाठ झालं होतं. सरस किती पातळ झाला की उतरवायचा, रंधा लाकडाच्या रेषेवरून कुठल्या बाजूने चालवायचा. आणि भिंतीवरचे दोन खिळे. दोन्हींवर पोलादी पट्टी टांगलेली, सारख्याच लांबीची, सारखीच चकचकीत. उजव्या खिळ्यावरची पट्टी खरी. डाव्या खिळ्यावरची ओतकामाची. लोखंड थंड होताना आकसतं, शंभरात एक इतकं, म्हणून साचा तेवढाच मोठा करावा लागतो. आता प्रत्येक मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून साचेवाल्यांची पट्टीच खोटी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर लठ्ठ. नानांनी ती सवयीने घरी आणली, सवयीने टांगली. आमच्या घरात लहानपणापासून दोन नियम होते: चपला बाहेर काढायच्या आणि डाव्या खिळ्याला हात लावायचा नाही.

गाडी बघायला नाना धारला निघाले तेव्हा मी हटकून बरोबर गेले. इंदूरला बस बदलून जाता जाता दुपार झाली. तिचं घर म्हणजे पोर्चमध्येच आमच्या तीन खोल्या मावल्या असत्या. जुन्या दरबारातलं घराणं. माझे पणजोबा त्याच दरबाराच्या दप्तरात कारकून होते, असं नाना अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानाचं काय ते कधी कळलं नाही. त्या घरात नाना खुर्चीच्या कडेवर बसले. मागे टेकून बसायला काय झालं होतं? खुर्ची त्यांचं वजन सहज पेलली असती.

पण गाडीपाशी गेल्यावर ते बदलले. चष्मा कपाळावर सरकवून सरळ आत शिरले, डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे झाले. पाय बाहेर. आतून आवाज आला, "अगं, बॅटरी धर."

मला बॅटरी दिली. मोजायची टेप तिला दिली.

"बेटा, तू माप घे. तुझे डोळे तरुण आहेत."

माझे डोळे काय पेन्शनीत निघाले होते? ती टेप लावत गेली, आकडे मोठ्याने बोलत गेली, वहीत लिहीत गेली. अक्षर सुरेख. मोजायलाही चुकली नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. मी उजेड पाडत राहिले.

मग ती बॉनेटला टेकून म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही करून देऊ नका. मला शिकवा. मी दर शनिवारी देवासला येईन."

मला वाटलं, नाना हसतील. बोट जाईल म्हणतील. नानांनी हात पुसले, तिच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "येशील? सकाळी येत जा. उजेड चांगला असतो."

झालं. मी इतकी वर्षं उंबऱ्यावर काढली आणि तिने एका वाक्यात टेबल घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी नानांना म्हणाले, "मुलींची कामं नाहीत ना ही?"

"कोण म्हणतं?" नाना म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

शनिवार सुरू झाले. ती सकाळच्या पहिल्या बसने यायची. पहिल्यांदा येताना आईसाठी बाग गावच्या छपाईची चादर घेऊन आली, काळी-लाल, हातठशाची. आई त्याच दिवशी फितूर झाली. "किती गुणाची मुलगी आहे," आई म्हणायची. "बोलतेही गोड. नाही तर आपल्याकडे तोंड उघडलं की जिंदाबाद."

"मग तिलाच ठेवून घ्या."

"ठेवली असती गं. पण तिला त्यांच्याकडे कुणी ओरडत नाही, ती इथे कशाला राहील?"

नाना तिला बेटा म्हणायचे. मला अगं. मी आधी कधी मोजलं नव्हतं, आता मोजायला लागले. ती पोहे खाता खाता विचारायची, "काका, ही रेघ अशी का?" आणि नाना चमचा खाली ठेवून सांगायला बसायचे. घरी कधी चार वाक्यं सलग न बोललेला माणूस. इतकं सगळं त्यांच्याजवळ सांगायला होतं तर ते जेवताना गप्प का असायचे?

आणि मग ती पानं. अक्रोडाच्या विनीरची दोन पानं नानांनी माझ्या लहानपणापासून जपून ठेवली होती, पलंगाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेली. पुस्तकासारखी उघडून शेजारी शेजारी ठेवली की डावीकडची नक्षी उजवीकडे आरशासारखी दिसायची. पलंगाखाली झाडू फिरवताना आईला ती आधी बाहेर काढावी लागायची. बारावीला असताना मी लिहायला एक छोटं मेज मागितलं होतं. वर ही पानं लावा म्हटलं होतं. "ती कापायची नाहीत," नाना म्हणाले होते. मी आजही पत्रकं गुडघ्यावर पाटी घेऊन लिहिते.

तिसऱ्या शनिवारी नानांनी ती पानं तिच्यासमोर उघडली.

"वाऽ काका!" ती म्हणाली.

मी तिथून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना कुकर घासला.

चौथा शनिवार आखणीचा. मूळ डॅशबोर्ड शिल्लक नव्हता, त्यामुळे ठेवून गिरवायला काही नव्हतं. वहीतल्या मापांवरून प्लायवर रेघा मारायच्या: एवढी लांबी, दोन मोठी भोकं मीटरची, तीन लहान, एक घड्याळाचं, खाली स्टिअरिंगच्या दांड्यासाठी खाच. नाना शेगडीपाशी सरस ढवळत होते, पाठ तिच्याकडे. म्हणाले, "भिंतीवरची पट्टी घे आणि कर सुरुवात. पेन्सिलीला टोक कर आधी."

मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यावर उभी होते. तिने हात वर केला आणि डाव्या खिळ्यावरची पट्टी काढली.

तिला कोण सांगणार? नानांना वाटलं असणार, घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं तसं तिलाही माहीत आहे. बाहेरच्या कुणालाही नसलेलं ते ज्ञान होतं, आणि त्या क्षणी ते वापरू शकणारी फक्त मी होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात नाना वळले, तिने मारलेल्या पहिल्या रेघेवर वाकले. त्यांचा चष्मा वाफेने धुरकटला होता. म्हणाले, "वा बेटा. काय हात आहे. अशी रेघ मला वीस वर्षं जमत नव्हती."

मी तोंड मिटलं. कप ठेवले. "चहा थंड होतोय," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर सांगायला मला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. प्लाय कापायला एक शनिवार गेला. विनीर चिकटवून, वर फळ्या ठेवून, शिकंजे आवळून ठेवायला एक. मग लाखेचं पॉलिश, हात फिरवायचा, सुकू द्यायचं, घासायचं, परत हात फिरवायचा. पानं कापली तेव्हाही मी घरात होते. मला करवतीचा आवाज ऐकू येत होता. त्या आठवड्यात आमचं नवं पत्रक निघायचं होतं, हिंदीत, मथळा मीच दिला होता: 'चुप्पी तोड़ो'. हसायचं तर हसा. मी ते गुडघ्यावरच्या पाटीवर लिहिलं आणि मागच्या पडवीत नाना तिला पॉलिशचा बोळा कसा धरायचा ते शिकवत होते.

नानांनी शेवटी माप तपासलं, पण त्याच पट्टीने, कारण तीच टेबलावर पडली होती. त्या पट्टीप्रमाणे सगळं बिनचूक होतं.

आणि तो डॅशबोर्ड सुंदर झाला होता. हे लिहिताना अजून दात शिवशिवतात. मधोमध जोड, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या गडद रेषा पिसाऱ्यासारख्या उलगडलेल्या. आईने त्याच्याकडे बघून हात जोडले. लाकडाला हात जोडायची आईला सवय आहे, देवघरांमुळे. पण मला राग आला.

धारला बसवायला गेलो. डॅशबोर्ड चादरीत गुंडाळून नानांनी मांडीवर घेतला होता. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "भिया, फोटो है क्या भगवान का?" नाना म्हणाले, "ऐसा ही समझो." मी त्यांच्या शेजारी बसले होते. बस खड्ड्यातून गेली की ते आधी मांडीवरचं सावरायचे. घाटाबिल्लोदच्या आसपास मला एकदा वाटलं, आत्ता सांगावं. पण सांगून काय होणार होतं? कापलेलं लाकूड परत थोडंच जुळतं? असं मी स्वतःला समजावलं.

पोर्चमध्ये तिचे घरचे जमले होते. कुणीतरी जिलेबी आणली होती. तिने एक टोक धरलं, नानांनी दुसरं. डावं टोक बसलं. उजवं बसेना. बोटाच्या जाडीएवढं बाहेर.

"रंग चढलाय का चौकटीला?" नाना म्हणाले. पुन्हा लावून बघितलं. तिने मीटर आतून भोकात घालून बघितले. एक बसला, दुसऱ्याच्या मागच्या पकडी चौकटीच्या स्क्रूंपासून सरकलेल्या. स्टिअरिंगच्या दांड्याची खाच दांड्यावर येईना.

नानांनी डॅशबोर्ड बाहेर काढला, टेप लावली. एकदा. दोनदा. मग ते पोर्चच्या पायरीवर बसले. या वेळी अगदी मागे टेकून.

"शंभरात एक," ते म्हणाले.

नानांनी तिला सांगितलं, दोन पट्ट्या, दोन खिळे, लोखंड कसं आकसतं. सगळं शांतपणे, शिकवताना सांगायचे तसं. मग म्हणाले, "टोकं कापता येतील. भोकं कशी सरकवणार? चूक माझी. पट्टी बघून द्यायला हवी होती. आता हे हाताबाहेर गेलं, बेटा. इंदूरला कुणी चांगला बघ. मी आता हत्यारं आवरतो."

"काका, काहीतरीच काय?" ती जवळजवळ ओरडली. "पट्टी मी उचलली. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

"तुला काय माहीत असणार?"

"विचारायला हवं होतं ना!"

"मी सांगायला हवं होतं."

"नाही काका."

दोघं चूक एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली, डोळे भरलेले. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी जिलेबीचं ताट हातात घेऊन खांबापाशी उभी. मी सांगते ते कुणाला आवडो न आवडो: त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला नव्हता. त्या चुकीतसुद्धा मला जागा नाही, याचा मला संताप आला होता. चूक खरी तर माझी होती! ती दोघं तीही वाटून घेत होती.

"मी बघितलं होतं," मी म्हणाले.

दोघांनी वर बघितलं.

"तिने डाव्या खिळ्यावरची पट्टी काढली ते मी बघितलं होतं. आखणीच्याच दिवशी. मी बोलले नाही."

पोर्चमध्ये कुणी तरी खोकलं. तिच्या घरचे एक एक करून आत गेले. खानदानी लोक अशा प्रसंगी आत जातात, ते मात्र मानलं पाहिजे.

ती उभी राहिली. "का?"

मी पत्रकांतून कलेक्टरला जाब विचारला आहे. इथे जाब मला द्यायचा होता. "नाना तुला वा म्हणाले," मी शेवटी म्हणाले. स्वतःच्या कानांना ते इतकं पोरकट वाटलं की ताट खाली ठेवावं लागलं.

"तेवढ्यासाठी? आठ शनिवार, यार. काकांची ती पानं..." ती थांबली. "तू म्हणजे भारीच आहेस." आणि तीही आत गेली.

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी डॅशबोर्ड चादरीत गुंडाळला, गाठ मारली आणि निघाले. बसमध्ये त्यांनी तो आमच्या दोघांच्या मधे उभा ठेवला. इंदूरला बस बदलली. देवासची बस सुटल्यावर म्हणाले,

"तुला पट्ट्यांमधला फरक कधीपासून माहीत आहे?"

"आठ वर्षांची असल्यापासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बघून."

"मग कधी शिकवा का म्हणाली नाहीस?"

"तुम्ही पटाशी काढून घेतली होती माझ्या हातातून. मुलींची कामं नाहीत म्हणालात."

"मी?"

"तुम्ही."

नाना बराच वेळ आठवत होते. खोटं बोलत नव्हते, मला त्यांचा चेहरा कळतो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. जे वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसले होते ते त्यांच्याकडे शिल्लकच नव्हतं. "म्हणालो असेन," ते म्हणाले. "बारा-बारा तास पाळी असायची. घरी आल्यावर कुणी हत्याराला हात लावला की डोकं फिरायचं. मुलगा असता तर त्यालाही काही तरी म्हणालो असतो."

"त्याला मुलींची कामं नाहीत म्हणाला नसतात."

"नसतो," नाना म्हणाले. मग, "पण जे केलंस ते वाईट केलंस."

"हो."

"पानं परत मिळणार नाहीत."

"हो, नाना."

अक्रोडाचा तो डॅशबोर्ड आता कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. आईने विचारलं, त्याचं काय करायचं? नानांनी आवरलेली हत्यारं परत टेबलावर मांडली.

पुढच्या शनिवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. आली. आमच्या फाटकात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "काकू, हिला बाहेर बोलवा." मी गेले. ती म्हणाली, "मी गाडीसाठी आले आहे. तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये."

"बरं," मी म्हणाले. "चहा घेशील का, की तोही नाही?"

"चहा घेईन."

इंदूरच्या लाकूडबाजारातून नानांनी शिसवीचं साधं विनीर आणलं होतं. गडद, सरळ रेषांचं, त्यात पिसारा-बिसारा काही नाही. ते टेबलावर पसरून नाना उंबऱ्याकडे वळले. "अगं, इकडे ये. आखणी तू करायचीस."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आलं. शिक्षेसारखं. मी उजव्या खिळ्यावरची पट्टी घेतली आणि रेघ मारली. रेघ वाकडी आली. खोडली, परत मारली. पेन्सिल घसरली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ती दोघं गप्प होती आणि त्या गप्प बसण्यात दया होती. मला सगळं माहीत होतं. कुठली पट्टी, कुठला सरस, कुठला रंधा. हाताला काहीच माहीत नव्हतं.

"दे," ती म्हणाली. तिने रेघ मारली. सरळ, बारीक, एका दमात.

मग मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कशावर जळते. बेटा म्हणण्यावर नाही, चादरीवर नाही, पोर्चवरही नाही. त्या हातावर. तो तिला आजोबांनी मृत्युपत्रात दिलेला नव्हता आणि त्याच्याविरुद्ध पत्रक काढता येत नव्हतं.

मी नानांना विचारलं, ती गेल्यावर नाही, तिथेच, तिच्यादेखत. "माझा हात वाईट आहे का?"

"वाईट नाही. कच्चा आहे," नाना म्हणाले. "वेळ लागेल. तिच्यासारखा होईल असं मी सांगणार नाही."

माझ्यासारख्या माणसाला असंच उत्तर परवडतं. नानांनी मला प्लायचे रद्दी तुकडे दिले आणि बारीक पात्याच्या करवतीने गोल भोकं कापायला बसवलं. दोन आठवडे मी रोज कापत होते, पत्रकं वाटून आल्यावर. पहिली सहा-सात भोकं बटाट्यासारखी आली. ती शनिवारी आली की एकेक उचलून उजेडात धरायची, काही न बोलता. एकदा म्हणाली, "हे बरं आहे." बोलायला लागली ती अशी. मी लगेच विचारलं, "खरंच, की नानांना बरं वाटावं म्हणून?" ती म्हणाली, "तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?"

शेवटी नाना म्हणाले, "घड्याळाचं भोक तू काप. तिने जुन्या बाजारातून घड्याळ आणलंय, त्याच्या काचेची कड रुंद आहे. इकडेतिकडे झालं तर झाकेल." मोठी भोकं तिने कापली. माझं बाकीच्यांपेक्षा किंचित सैल झालं. कड लावल्यावर बाहेरून कुणाला दिसत नाही. आम्हा तिघांना दिसतं.

या वेळी डॅशबोर्ड एका दमात बसला. स्टिअरिंगचा दांडा खाचेत, मीटर स्क्रूंवर. शिसवी अक्रोडाइतकी देखणी नव्हती, तिच्या घरच्यांनी तरी छान छान म्हटलं. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली आणि मला म्हणाली, "बस आधी तू. मांडूच्या रस्त्याला थोडं जाऊन येऊ." मी काही म्हणायच्या आत नानांनी दुसरं दार उघडलं आणि कुणाकडेही न बघता आत बसले. लहान मुलं खिडकीची जागा पकडतात तसे. ती हसली. मीही हसले असेन. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा नाना तिला काही तरी सांगत होते आणि ती मान डोलवत होती. माझं परत तेच, जळणं. ते जात नाही. जाईल असं मी कुणाला सांगणार नाही.

अर्ध्या तासाने परत आले. नाना उतरले, केस उभे, चष्म्यावर धूळ.

"घड्याळ वाजतंय," ते म्हणाले. "खडखड करतंय खड्ड्यात. भोक सैल आहे. आत मऊ लोकरीच्या नमद्याची पट्टी लावावी लागेल."

"मी लावते, काका," ती म्हणाली आणि डॅशबोर्डखाली हात घातला.

"तू राहू दे. भोक हिचं आहे." नानांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी तिच्या बाजूचं दार उघडलं, घड्याळ तिकडेच होतं. ती अजून सीटवरच बसली होती.

"सरक," मी म्हणाले.